मणकेवाल्या डॉक्टरांची चौकशी

माणसाने आपल्याकडे पाठ फिरवली की मनापासून खूश होणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे मणकेवाले डॉक्टर. 'आमचे' अशासाठी की माझ्या वडिलांच्या कंबरेत दोन पट्ट्या आणि चार स्क्रू त्यांच्या हातचे होते, आणि ज्याच्या हातचे स्क्रू घरातला माणूस अंगात वागवतो, तो आपोआपच त्या घराचा नातेवाईक होतो. आम्ही तेव्हा खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा तपासणी खात्यात होते. त्यांची कंबर दुखायला लागली, दुखतच राहिली, आणि शेवटी कोणीतरी या डॉक्टरांचं नाव सुचवलं. दोन मणके स्क्रूंनी एकमेकांना जोडून टाकायची त्यांची एक खास पद्धत होती. ती त्यांनी स्वतः बसवली होती, तिच्यावर त्यांचा लेख परदेशात छापून आला होता आणि लांबलांबचे सर्जन ती शिकायला पुण्यात येत. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. आपल्या वडिलांच्या पाठीला जागतिक कीर्तीचा हात लागला, याचा मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता!

डॉक्टरांना चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर नाहीच नाही. मात्र एकदा पाहिलेली पाठ ते विसरत नसत. हडपसरला एका लग्नात जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी त्यांना वाकून नमस्कार केला. "ओळखलंत का डॉक्टर?" डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे एखादी नोटीस वाचावी तसे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, जरा वळा बघू." गृहस्थ हातात ताट घेऊन वळले आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. "हां! चौथा-पाचवा मणका, डावा पाय! कसे आहात?" नाटकाला गेले तर तिकीट शेवटच्या रांगेचं काढत, कारण तिथून सगळ्या प्रेक्षकांच्या पाठी दिसतात. तिसऱ्या अंकात लोक कसकसे खचत जातात हे ते मला हलक्या आवाजात समजावून सांगत आणि पुढच्या रांगेतले लोक मागे वळून आमच्याकडे बघत. मग डॉक्टर म्हणत, "मान बघा, किती छान वळते यांची."

स्कूटरवर तर त्यांच्या मागे बसणं म्हणजे परीक्षाच. प्रत्येक सिग्नलला पुढच्या माणसाची पाठ असायचीच. एकदा असंच एका सिग्नलला पुढे एक जाडगेले गृहस्थ एका कुशीवर कलून बसले होते. डॉक्टरांनी स्कूटर त्यांना खेटून उभी केली आणि करड्या आवाजात म्हणाले, "मागच्या खिशातलं पाकीट काढा." गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी आणखी जवळ जाऊन सांगितलं, "काढा म्हणतो ना! रोज असं बसलात तर सहा महिन्यांत पाय गेलाच म्हणून समजा." ते गृहस्थ सिग्नल तोडून जे सुटले, ते थेट पोलीस चौकीच्या दारात जाऊन थांबले. आम्हाला तिथे पाऊण तास बसावं लागलं. त्या पाऊण तासात डॉक्टरांनी ठाणे अंमलदारांच्या खुर्चीखाली जुन्या फायली घालून ती दोन बोटं उंच करून दिली.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो बाबांना तपासणीला घेऊन गेलो त्या दिवशी. मला नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. त्या काळात पुण्यात आमच्यासारख्या पोरांचं पीकच आलं होतं. कालपर्यंत सायकलवर फिरणारे आम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून काचेच्या इमारतींत जायला लागलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर." "म्हणजे दिवसभर बसता. वळा." मी वळलो. मागून त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "तुमच्यासारखे हल्ली रोज येतात. पंचविशीतले, आणि पाठी पन्नाशीच्या. काय चाललंय तुमच्या त्या इमारतींत?" पुढे ते एकदा आमची कंपनी बघायलाही आले. मॅनेजरने मोठ्या कौतुकाने परदेशी खुर्च्या दाखवल्या. डॉक्टर एकामागून एक नऊ खुर्च्यांवर बसले आणि म्हणाले, "खुर्ची उत्तम आहे. आता माणसाला तिच्यावरून उठवायचं काहीतरी बघा."

त्या पहिल्या भेटीतच त्यांनी मला कामाला लावलं. घराच्या एका खोलीत भिंतीला लागून त्यांनी बुटांचे रिकामे खोके रचले होते आणि त्यांत पोस्टकार्डं होती. ऑपरेशन केलेल्या प्रत्येक पेशंटला ते दर वर्षी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड पाठवत. त्यात तीन प्रश्न असत. खाली बसून जेवता येते काय? सकाळी उठल्यावर बूट स्वतः घालता काय? ऑपरेशन केले नसते तर बरे झाले असते असे वाटते काय? पेशंट ठणठणीत असो की कुरकुरत असो, डॉक्टरांना काय ते कळायला हवं असे. पुण्याचा पेशंट उत्तरही पुण्याच्याच थाटात देणार. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचं कार्ड डॉक्टरांनी काचेखाली जपून ठेवलं होतं: "आपले पत्र पोचले. पाठ दुखते. आपली कशी आहे?" जे उत्तर देत नसत त्यांच्या घरी डॉक्टर रविवारी सकाळी स्वतः जाऊन थडकत. ही सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची, हे माझं काम. माझं नाव त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नाही. ते मला 'अहो संगणक' म्हणत.

अशाच एका रविवारी आम्ही धायरीला गेलो. कार्डाला उत्तर न देणाऱ्या एका बाईंचा शोध घ्यायचा होता. पत्ता विचारत विचारत एका घरासमोर पोचलो, तर साठी ओलांडलेली एक बाई डोक्यावर मेथीची भली मोठी पाटी घेऊन अंगणातून बाहेर निघाली होती. डॉक्टर तिच्या पाठीकडे बघतच राहिले. "सोनाबाई?" बाई थबकली. "अगं बया! डाक्टर! आता काय धरून न्यायला आलाव व्हय?" तेव्हा उलगडा झाला. सोनाबाईंना ऑपरेशनसाठी भरती केलं होतं, सगळं ठरलं होतं, आणि त्या दिवशी सकाळीच त्या वॉर्डातून पळून गेल्या होत्या. चुकून त्यांचं नाव यादीत राहिलं होतं आणि वर्षानुवर्षं त्यांना कार्डं जात होती.

"मग पाठीचं काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय करायचं? चार म्हैनं दुखली. मग थांबली."

"आपोआप?"

"मंग काय तुमच्या कापाकापीनं? हाय की बरी. च्या घ्या."

 परतीच्या वाटेवर तीन सिग्नल लागले, पण एकाही पाठीकडे डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. घरी आल्यावर हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून ते खोक्यांसमोर उभे राहिले. "अहो संगणक, आपण आजवर फक्त ऑपरेशन केलेल्यांनाच विचारत आलो. जे पळाले त्यांना कोण विचारणार?"

झालं. पळालेल्यांचा शोध सुरू झाला. कोणी भीतीने गेले होते, कोणाच्या सासऱ्यांनी नको म्हटलं होतं, कोणाला ऐन वेळी बदलीचा हुकूम आला होता, एकांना तर ज्योतिष्याने थांबायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्या ज्योतिष्यालाही कार्ड पाठवलं. या कामात दोन-अडीच वर्षं गेली. पत्ते बदललेले, घरांच्या जागी इमारती उठलेल्या, पण डॉक्टर चिकाटी सोडेनात. एखादा सापडला की त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा. पळालेला माणूस बरा असला तरी आनंद आणि नसला तरी आनंद, हे बघून मला पहिल्यांदा थोडं विचित्रच वाटलं. नंतर लक्षात आलं की त्यांना माणूस सापडल्याचाच आनंद होत होता.

शेवटी एका रविवारी सगळी माहिती भरून झाली. मी दोन्ही बाजू समोरासमोर लावल्या. ज्यांच्या पायांतला जोर गेला होता, लघवीवर ताबा राहिला नव्हता, त्यांचं ऑपरेशनने भलं झालं होतं, त्यात वादच नव्हता. पण नुसती कंबर दुखते म्हणून ज्यांचे मणके जोडले होते, ते आणि तसंच दुखणं घेऊन पळून गेलेले, यांच्यात सांगण्यासारखा फरकच दिसेना. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तुम्ही उलटं तर नाही ना लावलंत?" मी पुन्हा लावून दाखवलं. मग ते जमिनीवर बसले आणि सगळी कार्डं हाताने वेगळी करायला लागले. पुढचे तीन रविवार आम्ही तेच केलं. उत्तर बदललं नाही.

ज्यांचे मणके विनाकारण जोडले गेले त्या खोक्यात माझ्या वडिलांचं कार्ड होतं. ते मी दर रविवारी बघत होतो आणि डॉक्टरही बघत होते. दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. ऑपरेशननंतर बाबांना खाली मांडी घालून बसता येत नसे. विहारात सगळे सतरंजीवर बसायचे आणि बाबा मागे, भिंतीपाशी, एका लोखंडी खुर्चीवर. पूर्वी वंदना तेच म्हणायचे, सगळ्यांत पुढे बसून. ऑपरेशननंतर तो मान दुसऱ्यांकडे गेला. बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांची पाठ वाचली असं आम्ही घरात धरून चाललो होतो, आणि त्यासाठी एवढं चालायचंच. आता ते 'एवढं' मला गिळता येईना. मी रविवारी डॉक्टरांकडे जायचं सोडून दिलं. बाबांना काही सांगितलं मात्र नाही.

महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, आमच्या क्वार्टरखाली ओळखीच्या स्कूटरचा आवाज आला. डॉक्टर जिना चढून वर आले. आईची धांदल उडाली. तिने खुर्ची पुसली. डॉक्टर खुर्चीवर न बसता बाबांच्या समोर पलंगाच्या कडेवर बसले. पहिल्यांदाच त्यांनी कोणाला वळायला सांगितलं नाही.

"गायकवाड, मी एक सांगायला आलोय. तुमचं ऑपरेशन केलं, ते करायची गरज नव्हती. तेव्हा मला मनापासून ती वाटली होती. आता मी तपासून बघितलंय. थांबला असतात, व्यायाम केला असतात, तर बहुतेक इतकेच बरे झाला असतात. आणि खाली बसू शकला असतात."

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.  बाबांनी विचारलं, "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचं मिळून मला सांगता येतं. तुमच्या एकट्याचं नाही सांगता येत."

"मग माझ्या एकट्याचं कोण सांगणार?"

"कोणीच नाही," डॉक्टर म्हणाले.

खाली कोणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "आमच्या खात्यात एखादा नग फेल गेला, तर का फेल गेला ते लिहावं लागतं. नुसता बाजूला टाकून भागत नाही. तुम्ही लिहिलंत का?"

"लिहितोय."

"त्यात मला धरलंय?"

"धरलंय."

"ठीक आहे. मग चहा घ्या."

डॉक्टर गेले तेव्हा बाबा गॅलरीत उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. "पोक काढून चालतो," ते म्हणाले, "आणि जगाला सांगतो ताठ बसा." आई हसली, मीही हसलो. पण त्या दिवशी बाबा विहारात गेले नाहीत. दिवसभर कंबरेवर हात ठेवून गॅलरीतच बसून होते. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याच्याकडं जायचं का बंद केलंस? अर्धवट काम टाकू नये." पुढच्या रविवारी मी गेलो. डॉक्टरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि कार्डांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला.

तो लेख छापून यायला फार वेळ लागला. एका संपादकाने लिहिलं की निष्कर्ष फारसे उत्साहवर्धक नाहीत. डॉक्टर म्हणाले, "मलाही नाही वाटले." शेवटी एका मासिकाने तो घेतला. त्याच सुमारास सर्जनांच्या एका मोठ्या परिषदेत त्यांना त्यांच्या त्या खास पद्धतीवर बोलायला बोलावलं. चित्रं पडद्यावर दाखवायला मी बरोबर होतो. डॉक्टरांनी पाच मिनिटांत पद्धत सांगितली आणि उरलेला सगळा वेळ, ती कोणावर करू नये हे सांगितलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. त्यांचाच एक जुना विद्यार्थी उठला. "सर, आम्ही हे तुमच्याकडूनच शिकलो. आता तुम्हीच खोडताय?" डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या कोणी खोडायची वाट बघत बसलो असतो, तर तोवर तुम्ही आणखी किती जणांना जोडलं असतं?" टाळ्या फार वाजल्या नाहीत. जेवणाच्या वेळी आमच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना समोरच्या टेबलांवरच्या सगळ्या सर्जनांच्या पाठी दिसत होत्या. "बघा," ते म्हणाले, "एकही सरळ बसलेला नाही."

ते ज्या हॉस्पिटलात काम करत त्याच्या चालकांना हे सगळं फारसं रुचलं नाही. त्यांनी डॉक्टरांची खोली तळमजल्यावर लांब बोळाच्या टोकाला हलवली. आम्हाला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. डॉक्टर हरखून गेले. पेशंट तपासून निघाला की तो बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत कसा चालत जातो, हे आता त्यांना खुर्चीवर बसल्या बसल्या दिसत होतं. "इतकी वर्षं मी बसत कुठे होतो, कोण जाणे!" ते मला म्हणाले.

पुढे एका मोठ्या पदासाठी त्यांचं नाव निघालं. अर्जात एक रकाना होता: आपल्या संशोधनाचा प्रभाव. म्हणजे आपले लेख जगात किती जणांनी उद्धृत केले, ते भरायचं. मी ऑफिसात इंटरनेटवर बसून शोधून काढलं. मणके जोडायच्या पद्धतीचा जुना लेख जगभर ज्याने त्याने वापरला होता. नवा लेख क्वचित कोणीतरी. मी चाचरत त्यांना हे सांगितलं, तर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणजे माझी चूक लोकांना पाठ आहे, दुरुस्ती नाही!" मग त्यांची उत्सुकता जागी झाली. नवा लेख ज्यांनी वाचला ते थोडे लोक कोण? त्यांनी त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. उत्तरं दोनच आली. त्यातलं एक दूरदेशीच्या कुठल्याशा लहान गावातल्या सर्जनचं होतं. तुमचा लेख वाचून मी माझ्या जुन्या पेशंटांना शोधायला निघालो आहे, असं त्याने लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ, 'माझी झोप उडवल्याबद्दल आभारी आहे.' ते पत्र वाचताना डॉक्टर खोलीत येरझाऱ्या घालत होते. पद त्यांना मिळालं नाही. ते कोणाला मिळालं, हे विचारायचंही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला डॉक्टर आले होते. गुडघे दुखत असूनही सतरंजीवर बसले. उठताना दोघांना हात द्यावा लागला.  त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा हात किंचित कापायला लागला आणि त्यांनी स्वतःहून ऑपरेशनं बंद केली.

गेल्या वर्षी माझ्या बायकोची कंबर धरली. आम्ही आता हडपसरला राहतो. जवळच्याच एका नव्या हॉस्पिटलात तिला नेलं. तिथला मणक्याचा डॉक्टर अगदी तरुण, तिशीचा असेल नसेल. त्याने तिला चालायला लावलं, पायांतला जोर तपासला, फोटो बघितले आणि म्हणाला, "ऑपरेशन नको. व्यायाम करा, थांबा. बहुतेक आपोआप बरं होईल."

मी विचारलं, "पूर्वी अशा वेळी मणके जोडायचे ना हो?"

"जोडायचे म्हणे. आता नाही कोणी करत."

"का बंद झालं?"

त्याने खांदे उडवले. "तसं काही ठाऊक नाही. आम्हाला पहिल्यापासून असंच शिकवलं."

मी काहीतरी बोलणार होतो, पण बाहेर रांग होती आणि त्याने पुढचा कागद हातात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. ते आता फार थकले आहेत. बहुतेक वेळ खिडकीपाशी आरामखुर्चीत पडून असतात. मी सगळं सांगितलं. अगदी त्या पोराच्या शब्दांत सांगितलं. मला वाटलं, त्यांना कृतकृत्य वाटेल. ते डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "पायांतला जोर दोन्ही बाजूंनी तपासला?"

"हो."

"फोटो आधी बघितले की पेशंट आधी?"

"पेशंट आधी."

"शाबास." त्यांनी डोळे उघडले. "आणि थांबायला सांगितलेल्या लोकांची तो पुढे चौकशी करतो का? कारण हेही कधीतरी चुकीचं निघेल. कोणीतरी बघत राहायला हवं. नाव काय त्याचं? मी लिहितो त्याला."

मला नाव आठवेना. दारावर पाटी असणार, पण मी वाचलीच नव्हती.

"विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. रागावून नाही, अगदी हळू आवाजात, मनापासून चुकचुकल्यासारखे.

मी म्हणालो, "हो, विचारायला हवं होतं." मीही त्या मुलाला यांचं नाव सांगितलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. बाहेर उन्हं कलली होती. डॉक्टर खिडकीतून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघत होते आणि मी थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसून राहिलो.